लोक काय म्हणतील याची भीती सोडून ख्रिस्ती विश्वास जगायचा कसा?

इंदूरमध्ये मराठी ख्रिस्ती माणसाला लपून राहणं फार सोपं आहे. आडनाव गायकवाड, शिंदे, साळवे. घरात पोळीभाजी, सकाळी पोहे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. समोरचा फार तर विचारतो, "शिंदे म्हणजे ग्वाल्हेरचे का?" पुढे तो विचारत नाही, आपणही सांगत नाही. अशी वर्षं जातात आणि मग सोसायटीच्या गणपतीत कोणीतरी प्रेमाने आरतीचं ताट आपल्या हातात देतं.

"अशा वेळी काय करायचं?" हा प्रश्न मंडळीतली (म्हणजे चर्चच्या समुदायातली) तरुण मुलं, नव्याने नोकरीला लागलेले, लग्न होऊन इथे आलेल्या मुली नेहमी विचारतात. अडचण एवढीच की तो ताट हातात आल्यावर विचारला जातो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे धैर्य आयत्या वेळी येईल म्हणून वाट पाहत बसणं. दुसरी म्हणजे सगळ्यात बाहेरच्या टोकापासून सुरुवात करणं: स्कूटरवर क्रूसाचं स्टिकर, स्टेटसला रोज एक वचन, आणि घरात मात्र जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा नाही. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. आधी वही, मग निर्णय, मग घर, मग रोजची सवय. तोंड उघडायचं ते त्यानंतर.

टप्पा १: ‘लोक’ म्हणजे कोण, ते नावानिशी लिहा

एक वही घ्या. मोबाइल नको, तो घरात सगळ्यांच्याच हातात असतो. ज्यांच्यासमोर तुम्ही ख्रिस्ती असल्याचं दिसू देत नाही, त्यांची नावं तिच्यात लिहा. ‘समाज’, ‘ऑफिस’, ‘नातेवाईक’ असे मोघम शब्द चालणार नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकू, टीम लीडर, बायकोचा मोठा भाऊ, मुलाच्या मित्राची आई, असं माणूस डोळ्यांसमोर आलं पाहिजे. यादी सहसा एका पानाच्या पुढे जात नाही, आणि त्यातल्या दोन-तीन नावांपाशीच सगळं अडलेलं असतं.

प्रत्येक नावापुढे तो माणूस नेमकं काय म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. "तुम्ही पण? वाटलं नव्हतं हो." "तुमच्या आज्यापणज्यांना काय मिळालं होतं बाटायला?" "मग दारू चालत असेल तुमच्यात." कागदावर उतरलेल्या वाक्याला उत्तर शोधता येतं, पोटातल्या धाकधुकीला येत नाही.

आता त्याच पानावर दुसरी यादी करा. ही करायला बहुतेक जण विसरतात. मंडळीतल्या कोणाकोणाची भीती वाटते? शेजारच्या गणपतीला गेलो हे पाळकांना (पास्टरांना) कळू नये, महिला मंडळात चर्चा होऊ नये, म्हणून धडपडणारे आपल्यात कमी नाहीत. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र याचं हेच झालं. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडून यहूदी माणसं आली आणि तो हळूच मागे सरला. त्याचं पाहून त्याचा सहकारी बर्णबाही सरला. प्रेषित पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. पेत्र इथे घाबरला तो परक्यांना नव्हे, आपल्याच माणसांना.

तपासणी: दोन्ही याद्या कोऱ्या राहिल्या तर गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी जाणं टाळलंत ते आठवा. नाव सापडेल.

टप्पा २: भीती निवडून वेगळ्या करा

सगळ्याच भीतीला ‘लोकांची भीती’ म्हणू नका. नावांपुढे तीन खुणा करा: लाज, नुकसान, कायदा.

लाज म्हणजे कोणी हसेल, भुवया उंचावेल, गटात घेणार नाही. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

नुकसान म्हणजे भाड्याचं घर जाईल, बढती अडेल, लग्न मोडेल. इथे विश्वासाबरोबर व्यवहारही पाहावा लागतो. घरमालकाला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलेलं बरं, सामान लावून झाल्यावर सांगणं महागात पडतं. जातीच्या दाखल्याचा प्रश्नही इथलाच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, ख्रिस्ती व्यक्तीला मिळत नाही. त्यामुळे काही घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं चालतं. त्या घरांना भित्रे म्हणणं मला जमत नाही. पण कागदावरचं खोटं माणसाला आतून पोखरतं हेही खरं. हा विषय पाळक आणि वकील या दोघांसमोर ठेवा, एकट्याने निकाल लावू नका.

कायद्याचं नीट समजून घ्या. संविधानाचं २५ वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. मध्य प्रदेशचा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१ सालचा आहे. आमिष, धाक, बळजबरी, फसवणूक अशा मार्गांनी किंवा लग्नाच्या निमित्ताने केलेल्या धर्मांतराबद्दल तो आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं, अशी त्यात तरतूद आहे. तुम्ही तुमच्या घरात प्रार्थना करणं, डब्यावर डोळे मिटणं, "मी ख्रिस्ती आहे" असं सांगणं याच्याशी त्याचा संबंध नाही.

इशारा: कोणाला औषध, फी किंवा धान्याची मदत करत असाल तर त्याच बोलण्यात उपासनेचं आमंत्रण देऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे ती मदतच बाटते.

जिवावरचा धोका ही आणखी वेगळी गोष्ट आहे. कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये हत्या झाली. खरोखरची धमकी, पाठलाग, घराबाहेर जमाव असं काही असेल तर पोलीस, वकील आणि मंडळीचे जबाबदार लोक यांना लगेच कळवा. सावध राहणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या भुवईला छळ म्हणू नका.

टप्पा ३: प्रसंग येण्याआधी रेघ ओढा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. जमल्यास नवरा-बायको दोघांनी मिळून बसा.

बायबलमध्ये दानिएलाच्या पहिल्या अध्यायातला क्रम पाहा. दानिएल हा बाबेलच्या दरबारात नेलेला यहूदी तरुण. राजाच्या ताटातलं खायचं नाही हे त्याने आधी मनाशी ठरवलं. मग अधिकाऱ्याला विनंती केली. मग दहा दिवस भाजीपाला देऊन पाहा म्हणाला. निर्णय, विनंती, पर्याय. त्याच दानिएलाने बाबेलचं नाव लावू दिलं, खास्द्यांची भाषा आणि विद्या शिकून घेतली, दरबारी नोकरी केली. त्याने रेघ एकाच ठिकाणी ओढली. सगळीकडे रेघा ओढणाऱ्याला कुठलीच पाळता येत नाही.

वहीत प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: काय करीन, काय करणार नाही, काय म्हणेन.

प्रसाद. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय सलग वाचा. कोणी जेवायला बोलावलं तर प्रत्येक पदार्थाची चौकशी न करता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका, असं पौल सांगतो. म्हणजे काकूंनी नुसता लाडू दिला तर खा. "प्रसाद आहे" म्हणाल्या तर न घेण्याला आधार आहे. आपल्यातले काही जण शेजारधर्म म्हणून घेतात, काही घेत नाहीत, आणि रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय सांगतो की प्रत्येकाने आपापल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी. घ्यायचा नसेल तर हात मागे घेऊन गप्प उभे राहू नका, त्यात अपमान वाटतो. "काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी जायची नाही," हे वाक्य तयार ठेवा आणि खरोखर बसून चहा घ्या. काही जण प्रसाद घेऊन पिशवीत टाकतात आणि घरी आल्यावर फेकतात. तो मार्ग बंद करा. त्यात ना विश्वास राहतो ना शेजार.

आरती. आदराने एका बाजूला उभं राहणं वेगळं, ताट ओवाळणं वेगळं. ताट पुढे आलं की दोन्ही हातांनी धरून शेजारच्याकडे द्या: "तुम्ही घ्या ना, हा मान तुमचा." सोसायटीचे सचिव असाल तर मात्र ऑगस्टमध्येच अध्यक्षांशी बोला. बायबलमध्ये २ राजे ५ मध्ये इस्राएलच्या देवाला मानू लागलेल्या नामान सेनापतीची हीच अडचण होती. राजा त्याच्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात वाकणार, म्हणजे त्यालाही वाकावं लागणार. अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटलं. हा दाखला आपल्यात फार वापरला जातो आणि बहुधा सोयीने. नामानाने ती गोष्ट आधी, आपण होऊन, उघड सांगितली होती. करून झाल्यावर सबब म्हणून नव्हे.

वर्गणी. पावती फाडायला आलेल्या मुलांना दारातून परत पाठवू नका. मांडवातलं जेवण, मुलांच्या स्पर्धा, रक्तदान शिबिर असं ज्यात मनापासून भाग घेऊ शकता त्यासाठी द्या आणि तसं बोलून द्या. नुसती कामाची मदत केली तरी चालते. खुर्च्या उचलायला माणसं नेहमीच कमी पडतात.

टिळा, हळदीकुंकू. ऑफिसमधल्या पूजेनंतर सगळ्यांना टिळा लावत येतात. नको असेल तर हात जोडून "माझ्याकडून नमस्कार" म्हणा. हळदीकुंकवाला गेलात तर वाण घेण्यात कोणाला गैर वाटतं, कोणाला नाही. घरातल्या बायकांनीच ठरवावं, पुरुषांनी त्यात तोंड घालू नये असं माझं मत आहे.

तिळगूळ, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), दिवाळीचा फराळ यावर रात्र जागवू नका. खा, खेळा, राजवाड्यापर्यंत जाऊन भिजून या. जिथे रेघ नको तिथे ती ओढणारा माणूस पुढे खऱ्या रेघेच्या वेळी कोणालाच पटत नाही.

तपासणी: ठरवलेल्या प्रत्येक गोष्टीला हे विचारा. कोणी पाहत नसतं तर मी हे केलं असतं का? कोणी पाहतंय म्हणून टाळत असाल तर ती भीती. कोणी पाहतंय म्हणूनच करत असाल तर तो देखावा, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांबद्दल येशूने जे म्हटलं (त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं) ते लागू होतं.

टप्पा ४: सुरुवात घरातून

घरात ज्याची सवय नाही ते बाहेर टिकत नाही. दानिएलाच्या सहाव्या अध्यायात राजाशिवाय कोणाकडेही मागणं करू नये अशी राजाज्ञा निघाल्यावर दानिएल माडीवर गेला, यरुशलेमेच्या बाजूच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्याने दिवसातून तीनदा प्रार्थना केली, पूर्वीपासून करत होता तशीच. सगळं वजन त्या ‘पूर्वीपासून’वर आहे. बंदी आली म्हणून त्याने काही नवं सुरू केलं नाही, चालू होतं ते थांबवलं नाही.

म्हणून आधी रोजची कौटुंबिक प्रार्थना लावून घ्या. दहा मिनिटं पुरेत: एक गीत, थोडा शास्त्रपाठ, प्रार्थना. इंदुरात उपासना बहुधा हिंदीतून होते, त्यामुळे मुलांना ‘यीशु मसीह’ येतं आणि ‘येशू ख्रिस्त’ म्हणताना ती अडखळतात. घरातली प्रार्थना मराठीतच ठेवा. गाताना दार-खिडक्या लावून घेऊ नका, आवाज मात्र घराच्या मापाचा ठेवा. शेजाऱ्यांच्या झोपेवर साक्ष (म्हणजे आपल्या विश्वासाची ग्वाही) द्यायची नसते.

जोडीदार ख्रिस्ती नसेल किंवा सासरचे वेगळ्या श्रद्धेचे असतील तर क्रम असा: आधी जोडीदार, मग मुलं, मग सासू-सासरे, मग बाकीचे. जोडीदाराला नणंदेकडून कळलं तर तुमच्या विश्वासाबद्दल काही बोलण्याआधी त्या लपवाछपवीबद्दलच बोलावं लागेल.

इशारा: मुलांना झेंडा करू नका. आपल्याला ऑफिसात बोलायचं धैर्य नाही म्हणून मुलाच्या दप्तरावर क्रूस चिकटवणारे पालक आहेत. शाळेच्या फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्यात खरं लिहा, आणि वर्गात कोणी विचारलं तर म्हणायला मुलाला एक साधं वाक्य द्या: "आम्ही येशूला मानतो. रविवारी चर्चला जातो." त्यावर वाद घालणं हे लेकराचं काम नाही.

टप्पा ५: दिसतील अशा छोट्या सवयी

एका वेळी एकच सवय, आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी नाही.

कँटीनमधल्या प्रार्थनेपासून सुरुवात सोपी जाते. डबा उघडा, डोळे मिटा, मनात आभार माना, जेवा. कपाळ चोळल्याचा बहाणा नको आणि ओठांची मोठी हालचालही नको. पहिले काही दिवस कोणीतरी विचारेल, मग टेबलावरचे तुमच्यासाठी थांबायला लागतील.

दुसरी सवय खरं कारण सांगण्याची. रविवारी सकाळी मित्र म्हणतात, "भिया, पोहे-जलेबी खायला चल." आपण म्हणतो, "घरी पाहुणे आहेत." त्याऐवजी "उपासना आटोपली की येतो, माझ्या जलेब्या राखून ठेवा" असं म्हणा आणि जाच. गुड फ्रायडेचंही तेच. खाजगी कंपनीत सुटी नसेल तर अर्जात ‘घरगुती काम’ न लिहिता ‘उत्तम शुक्रवारची उपासना’ लिहा. अर्ज आधी द्या आणि अडलेलं काम आदल्या दिवशी उरकून ठेवा. सुटी घेऊन काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं तर लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

कॅथलिक वाचकांसाठी एक: राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन कामावर गेलात तर इथे ती अनेकांना विभूती वाटते. कोणी "कुठल्या मंदिरात जाऊन आलात?" विचारलं तर ‘हं’ करून निसटू नका. "चर्चमधून आलो, आजपासून आमचा उपवासकाळ" एवढं पुरतं.

तपासणी: याच काळात तुमच्या वागण्याकडे नजरा वळतील. उधारी राहिली असेल तर आधी फेडा. ऑफिसातल्या शिपायाशी तुम्ही कसे बोलता तेही पाहा. क्रूस दिसायला लागल्यावर शिवीही जास्त ऐकू येते.

टप्पा ६: तोंड उघडणे

आता पहिल्या टप्प्यातली यादी काढा. सगळ्यात अवघड नावापासून सुरुवात करायची नाही. ज्याचा तुमच्यावर लोभ आहे असं एखादं नाव घ्या. एकट्याला गाठा, चहा घेताना, चालता चालता. खास बैठक भरवू नका.

बोलणं दोन-तीन वाक्यांचं असावं: "तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आम्ही ख्रिस्ती आहोत. रविवारी चर्चला जातो. म्हणून आरतीच्या वेळी मी बाजूला उभी राहते, राग मानू नका." इथे थांबा. पुढे साक्ष, मग येशूचे चमत्कार, मग मूर्तींवर टीका, असं बोलणं घसरत जाणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. १ पेत्र ३:१५ मध्ये जे विचारतील त्यांना उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यतेने द्या असं म्हटलं आहे. न विचारणाऱ्याला पकडून ठेवा असं म्हटलेलं नाही.

इशारा: समोरच्याच्या देवाबद्दल एक शब्दही वावगा नको, लाडाने केलेली थट्टासुद्धा नको.

टप्पा ७: टोमणे आणि व्हॉट्सअ‍ॅप

टोमण्यांची उत्तरं पहिल्या टप्प्याच्या वहीतच आहेत, कारण वाक्यं तुम्ही आधीच लिहून ठेवली होतीत. "दारू चालते ना तुमच्यात?" याला "आमच्या घरात नाही चालत, पण सरबत चालतं, या ना" एवढं हसत म्हणावं. "काय मिळालं बाटून?" हा टोमणा जिव्हारी लागतो. घराण्याचा इतिहास सांगत बसू नका. "माझ्या आजोबांचं मला माहीत नाही, मी माझ्या मनाने मानतो" असं, खरं असेल तेवढंच, सांगा. खरं नसेल, म्हणजे तुम्ही नुसतं घरचं म्हणून मानत असाल, तर हा टोमणा तुमच्यासाठी उपयोगाचा आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ख्रिस्ती लोकांबद्दल काही भडक फिरत आलं तर गटात उत्तर देऊ नका. पाठवणाऱ्याला वेगळा फोन करा: "दादा, ते वाचून वाईट वाटलं, आम्हीच ते लोक आहोत." बऱ्याचदा समोरच्याला ते माहीतच नसतं. न वाचताच पुढे ढकललेलं असतं. थेट धमकी असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि टप्पा २ कडे परत जा.

टप्पा ८: घसरलात तर

घसराल. पेत्र विस्तवाजवळ शेकत बसलेला असताना एका दासीच्या नुसत्या प्रश्नाने घसरला, येशूला ओळखत नाही म्हणाला. योहान १२:४२ मध्ये तर अधिकारीही आहेत. त्यांनी विश्वास ठेवला पण सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून कबूल केलं नाही. अरिमथाईचा योसेफही यहूद्यांच्या भीतीने गुप्त शिष्य होता, आणि शेवटी येशूचं शरीर मागायला रोमी सुभेदार पिलाताकडे तोच गेला.

घसरल्यावर होणारी चूक म्हणजे पुढच्या वेळी दुप्पट जोराने भरपाई करायला जाणं. काल विषय टाळला म्हणून आज जेवणाच्या टेबलावर मोठ्याने प्रार्थना, असं करू नका. वही उघडून तो प्रसंग तिसऱ्या टप्प्यातल्या यादीत होता का ते पाहा. नसेल तर लिहून घ्या. असेल तर ‘काय म्हणेन’ हा रकाना बदला, ते वाक्य बहुधा तुमच्या तोंडात बसणारं नव्हतं. मोठ्याने म्हणून पाहा आणि ओठांवर येईपर्यंत छाटत जा.

मग त्याच माणसाकडे जा, शक्यतो दोन-तीन दिवसांच्या आत. "परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी टाळलं. आम्ही ख्रिस्ती आहोत. तेव्हाच सांगायला हवं होतं." त्याने "बरं, मग?" म्हटलं तर ज्या कामासाठी तो आला होता ते काम पुढे चालू करा.